सुट्या पैशांची वाट : बरणीतून बँकेत, बँकेतून ठेवीत

गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या फडताळावर लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी होती. बाजारातून आले की खिशातले सुटे तिच्यात टाकायचे, एवढाच नियम. तीन वर्षांनी, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, ती जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रावर ओतली तेव्हा ४,३८० रुपये निघाले. शिवाय चार आण्यांची अकरा नाणी निघाली, जी कधीच बाद झाली होती, एक फाटकी दहाची नोट निघाली, आणि मासळीची खवले वाळून चिकटलेली पाचची कितीतरी नाणी निघाली. हेच पैसे बँकेच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे दरमहा ठराविक हप्ता भरायच्या ठेवीत (आरडी), गेले असते, तर साडेसहा टक्के दर धरूनही चारशे-साडेचारशे रुपये व्याज मिळाले असते. पण व्याज बुडाले हे मला तितकेसे लागले नाही. खरी गोम अशी होती की त्या तीन वर्षांत बरणीतून किती वेळा पैसे उचलले गेले, याचा हिशेबच कोणाकडे नव्हता. सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल दारात वाजली की सरळ बरणीत हात घालायचा, हे घरातल्या सर्वांच्या अंगवळणी पडले होते.

सुटे साचवणे कठीण नाही, ते घराबाहेर काढून कामाला लावणे कठीण आहे. त्यामुळे या लेखात साठवण्यापेक्षा पुढच्या प्रवासावर अधिक भर दिला आहे. कोणते नाणे कुठे जाईल, ते कोणत्या दिवशी घराबाहेर पडेल आणि कोणत्या खात्यात उतरेल, हे आधी ठरवले तरच बरणी ही बचत ठरते, नाहीतर ती फडताळावरची शोभेची वस्तू होते.

आधी पंधरा दिवस नुसती नोंद

बरणी आणण्यापूर्वी पंधरा दिवस एक छोटी वही ठेवावी आणि रोज रात्री खिशात, पर्समध्ये व दुचाकीच्या डिकीत किती सुटे उरले, तेवढेच लिहावे. खर्च लिहू नये. खर्च लिहायला घेतला की चौथ्या दिवशी वही बंद पडते, हा माझा अनुभव आहे. आमच्या चौघांच्या घरात पंधरा दिवसांत २३२ रुपये उरले, म्हणजे रोजचे साधारण पंधरा-साडेपंधरा. त्यातले बहुतेक पाव, भाजी, मासळी आणि गाड्यावरच्या भजी-पावातून आलेले होते. बसमधून मात्र सुटे येत नाहीत, उलट जातात, कारण ‘सुटे आसात?’ हा कंडक्टरचा प्रश्न तिकिटाच्या आधी येतो.

या नोंदीतून महिन्याचा आकडा ठरवावा आणि तो हाती येणाऱ्या सरासरीपेक्षा थोडा खालीच धरावा. आमचा आकडा ४५० रुपये ठरला. हा आकडा ठरवण्याचे कारण पुढे ठेवीच्या हप्त्यापाशी स्पष्ट होईल.

याच पंधरवड्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दुकानदार दोन रुपयांऐवजी हातावर पेपरमिंट ठेवतो तेव्हा आपण काही बोलत नाही. रोज एकदा असे घडले तर वर्षाला ७३० रुपयांची पेपरमिंटे होतात. मी आता हसून सांगतो की दोन रुपये उद्याच्या हिशेबात धरा. बहुतेक दुकानदार तेव्हा गल्ल्याच्या कोपऱ्यातून दोनचे नाणे शोधून काढतात.

कोणते नाणे बरणीत आणि कोणते वाटीत

सगळेच सुटे बरणीत टाकणे ही पहिली चूक असते. दुसऱ्या दिवशी बससाठी किंवा पावासाठी सुटे लागतात, मग बरणी उघडावी लागते, आणि एकदा उघडायची सवय लागली की तिचे बरणीपण संपते. म्हणून दोन भांडी ठेवावीत. दारापाशी, किल्ल्या ठेवतो तिथे एक उघडी वाटी ठेवावी, आणि तिच्यात एक, दोन आणि पाचची नाणी रोजच्या वापरासाठी राहू द्यावीत. आत कपाटात बरणी ठेवावी आणि तिच्यात दहाची व वीसची सगळी नाणी न चुकता टाकावीत. महिन्याच्या शेवटी वाटी भरून वाहत असेल, तर तिच्यातले जास्तीचेही बरणीत घालावे.

या विभागणीमागे वजनाचाही हिशेब आहे. दहाच्या शंभर नाण्यांचे वजन पाऊण किलोपेक्षा किंचित जास्त भरते आणि त्यांची किंमत हजार रुपये असते. तेच हजार रुपये एकेकाच्या नाण्यांत साठवले तर नव्या हलक्या नाण्यांचेही वजन तीन किलोच्या वर जाते. एवढे ओझे घेऊन बँकेत जायचा उत्साह कोणाचाही टिकत नाही.

जत्रेत मिळणारा मातीचा गल्ला मुलांसाठी उत्तम, कारण तो फोडण्यात मजा असते. मोठ्यांना मात्र दरमहा उघडता येईल असे झाकणाचे भांडे हवे. काचेचे किंवा जाड प्लॅस्टिकचे घ्यावे, पत्र्याचे घेऊ नये, कारण जून ते सप्टेंबर गोव्याच्या दमट हवेत पत्र्याचा डबा बाहेरून आधी गंजतो आणि मग आतल्या नाण्यांना डाग पाडतो. मासळी बाजारातून आलेली नाणी थेट बरणीत टाकू नयेत. साबणाच्या पाण्यात धुऊन, फडक्याने पुसून, ऊन असेल तर उन्हात आणि पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून मगच टाकावीत. हे सोवळे नव्हे. चिकट नाणी एकमेकांना चिकटतात आणि मोजणी चुकते.

नोटा नाण्यांबरोबर ठेवू नयेत. दहा-वीसच्या ओलसर नोटा बंद बरणीत राहिल्या तर आठवड्याभरात त्यांना वास येऊ लागतो. त्यांच्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेला साधा लिफाफा पुरतो. फाटकी नोट टाकून देऊ नये. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा तिच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रफळाचा असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तिची पूर्ण किंमत मिळते. बरणीत सापडलेली ती दहाची नोट आम्ही अशीच बदलून घेतली.

जाता जाता एक सूचना. जुन्या पेटीत किंवा देव्हाऱ्याच्या खणात पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळातले एस्कुदो, सेंताव्हो किंवा त्याआधीचे रुपिया, टांगा सापडले, तर ते या बरणीत घालू नयेत आणि चिंच लावून चकचकीतही करू नयेत. संग्राहकाच्या लेखी नाण्यावरचा मूळ काळपटपणा हीच त्याची साक्ष असते.

मोजणीचा दिवस

महिन्यातला एक दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवावा. मी पहिला शनिवार निवडला आहे, कारण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्यांनी आदल्या गुरुवारी मोजणी करावी, म्हणजे सुटे बाजारातच खपवता येतील.

वजन करून नाणी मोजण्याचा मोह टाळावा. बँकेकडे वजनावर मोजण्याचे साधन असते, पण घरच्या काट्यावर ते साधत नाही, कारण एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वजनांची चलनात आहेत. २०११ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे, तर २०१९ च्या मालिकेतले ३.०९ ग्रॅमचे. पाचच्या नाण्यांत तर जुनी जाड, मधली पातळ आणि नवी अशी सरमिसळ असते. सोपी पद्धत अशी की ताटात ओतून किमतीनुसार ढीग करावेत, प्रत्येक ढिगातून दहा-दहाच्या चवडी लावाव्यात आणि चवडी मोजाव्यात. वीसचे नाणे बारा कोनांचे असते, त्यामुळे ते बोटांनाच कळते. दहाचे दुरंगी असते. एक आणि दोन मात्र डोळ्यांनी पाहूनच वेगळे करावेत, संध्याकाळच्या उजेडात तिथेच घोटाळा होतो.

दहाचे नाणे खोटे म्हणून नाकारण्याचे प्रकार अजून अधूनमधून घडतात. या नाण्याचे तोपर्यंत निघालेले चौदाही प्रकार वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, दोन्ही चालतात. ५० पैशांचे नाणेही वैध आहे, जरी ते हातात घेणारा माणूस सापडणे अवघड असले. २५ पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत. ती मोजणीत धरू नयेत.

मोजून झाल्यावर एक आणि दोनची नाणी शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लावावी. रिझर्व्ह बँकेनेही अशा शंभराच्या पिशव्या बँकेला आणि ग्राहकाला सोयीच्या पडतील असे सुचवले आहे. माझ्या अनुभवात चिठ्ठी लावलेली पिशवी पाहिली की रोखपालाच्या कपाळावरची निम्मी आठी मोडते.

नाणी घराबाहेर काढण्याच्या दोन वाटा

पहिली वाट बँकेची नव्हे, गल्लीतल्या दुकानाची आहे. सुट्यांची खरी गरज पोदेराला, भुसारी दुकानदाराला, गाडेवाल्याला आणि खासगी बसच्या कंडक्टरला असते. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार महिन्याला चार-पाचशेची नाणी आनंदाने घेतो आणि तेवढी रक्कम माझ्या खात्यात यूपीआयने पाठवतो. मोजणी त्याच्या काउंटरवर दोघांनी मिळून होते, दोन मिनिटांत पैसे बँकेत जमा होतात आणि ओझे वाहायचे राहत नाही. सकाळच्या गर्दीत जाऊ नये, दुपारी दुकान उघडल्यानंतरच्या शांत वेळी जावे. नाण्यांवर बट्टा मागणारा कोणी भेटला तर त्याला सरळ नकार द्यावा.

येथे कायद्याची एक बाजू माहीत असावी. नाणे अधिनियम २०११ नुसार एक रुपया व त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, आणि ५० पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत. म्हणजे दोन हजारांची नाणी कोणावर लादता येत नाहीत. मात्र ही मर्यादा आपल्या खात्यात भरणा करण्याला लागू नाही. बँकेत किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

दुसरी वाट बँकेची. कोणत्याही शाखेने नाणी घ्यायला नकार देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. असे असूनही ते ४,३८० रुपये घेऊन मी एका शाखेत गेलो तेव्हा ‘आज गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात बघू’ असे उत्तर मिळाले, आणि पुढच्या आठवड्यात तेच उत्तर वेगळ्या माणसाने दिले. तिसऱ्या वेळी मी महिन्याच्या मध्यावर, पगार-पेन्शनची गर्दी ओसरल्यावर, पिशव्या बांधून आणि भरणा पावतीवर नाण्यांचा तपशील लिहून गेलो. पैसे दहा मिनिटांत घेतले गेले. तेवढ्यानेही काम झाले नाही तर शाखेला लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. साडेचारशे रुपयांसाठी लोकपालापर्यंत जावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी पुढच्या महिन्यापासून दुकानाची वाट धरली.

क्यूआर कोडवर सुटे उरतच नाहीत, मग काय करावे

मासळीच्या टोपलीशेजारीही आता क्यूआर कोडचा पुठ्ठा दिसतो. तेथे १८७ रुपये म्हणजे १८७ रुपयेच जातात, त्यामुळे बरणी दर महिन्याला हलकी होत चालली आहे. यावर ‘वरचे पैसे’ ही युक्ती आहे. १८७ चा खर्च झाला की तो १९० चा मानायचा आणि वरचे ३ रुपये बचतीला टाकायचे. हे आपोआप करून देणारी मोबाइल ॲप निघाली आहेत, पण तीच गोष्ट हातानेही होते. आठवड्याला एकदा, रविवारी दुपारी, बँकेच्या ॲपमधले व्यवहार पाहावेत, प्रत्येक खर्च जवळच्या दहाच्या पटीपर्यंत वर न्यावा, फरकाची बेरीज करावी आणि तेवढी रक्कम दुसऱ्या बचत खात्यात वळती करावी. दहाच ओळी असतात, पाच मिनिटे लागतात. दुसरे खाते अशासाठी की ज्या खात्याला यूपीआय जोडलेले आहे त्यात ठेवलेली बचत सायंकाळपर्यंत खर्च होते.

आपोआप कापून घेणारी ॲप वापरायची असतील तर तीन गोष्टी तपासाव्यात. रोज किती रक्कम कापण्याची परवानगी आपण देत आहोत, ती परवानगी यूपीआयच्या ऑटोपे यादीतून आपल्याला स्वतः रद्द करता येते का, आणि मुख्य म्हणजे कापलेले पैसे जातात कुठे. यांतली अनेक ॲप ते पैसे डिजिटल सोन्यात घालतात. शंभर रुपये दिले की तीन टक्के जीएसटी वजा होऊन प्रत्यक्षात सुमारे ९७ रुपयांचे सोने मिळते, आणि विकताना खरेदी-विक्रीच्या भावातला फरक आणखी वेगळा जातो. सोन्याचा भाव तेवढा वर जाईपर्यंत आपण तोट्यातच असतो. त्याहून गंभीर बाब अशी की हे डिजिटल सोने शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमनाखाली येत नाही, आणि सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये गुंतवणूकदारांना तसा इशारा दिला आहे. सोन्यातच पैसे घालायचे असतील तर गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा सोन्याचा फंड) किंवा सोन्याचा म्युच्युअल फंड हा नियमनाखालचा मार्ग उपलब्ध आहे.

पैसे कुठे उतरवायचे

क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर प्रश्नच मिटला. त्या बाकीवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज चढू शकते, तेव्हा सुटे आधी तिथे जावेत. बाकी नसेल तर पहिले वीस रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला द्यावेत. वर्षाला वीस रुपये हप्ता, १८ ते ७० वर्षे वय, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये. हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जातो आणि संरक्षण १ जून ते ३१ मे असे चालते, म्हणून मे अखेरीस खात्यात शिल्लक असावी. गोव्याच्या रस्त्यांवर दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने वीसच्या एका नाण्याचा हा उपयोग करून घ्यावा.

त्यानंतर आवर्ती ठेव. हा माझ्या मते सुट्या पैशांचा सर्वांत योग्य मुक्काम आहे, आणि याच कारणासाठी महिन्याचा आकडा सरासरीपेक्षा खाली धरायला सांगितले. हप्ता चुकला नाही पाहिजे, मग तो लहान असला तरी चालेल. टपाल खात्याची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते. महिन्याला किमान शंभर रुपये आणि पुढे दहाच्या पटीत कितीही भरता येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा व्याजदर ६.७ टक्के झाला आणि व्याजाची चक्रवाढ दर तिमाहीला होते. सरकार हे दर तिमाहीला जाहीर करते, पण खाते उघडण्याच्या दिवशीचा दर त्या खात्याला पूर्ण पाच वर्षे लागू राहतो. ४५० रुपये दरमहा, ६.७ टक्के, साठ महिने असे धरले तर भरणा २७,००० रुपये होतो आणि हातात सुमारे ३२,११५ रुपये येतात.

या ठेवीच्या अटीही वाचून ठेवाव्यात. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड बसतो आणि चार हप्ते चुकले की खाते बंद पडते, मात्र दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू करता येते. तीन वर्षांनंतर मुदतीआधी खाते मोडता येते, पण तसे केल्यास बचत खात्याच्याच दराने व्याज मिळते. एक वर्षाचे बारा हप्ते भरून झाले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, आणि ठेव मोडण्यापेक्षा हे कर्ज बहुधा स्वस्त पडते.

पाच वर्षे लांब वाटत असतील तर बँकेत एक वर्षाची आवर्ती ठेव काढावी आणि तिला चवथीचे नाव द्यावे. ठेव गणेशचतुर्थीच्या साधारण पंधरा दिवस आधी पूर्ण होईल अशा बेताने सुरू करावी. चवथीची तिथी दरवर्षी मागेपुढे होते, तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपणारी ठेव सुरक्षित. माटोळीचे (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) सामान, मखर, मुलांचे कपडे आणि भजनी मंडळाचा चहा-फराळ यांचा खर्च तोपर्यंत दारात उभा असतो. साडेचारशे रुपयांच्या एका वर्षाच्या ठेवीतून साडेपाच हजार रुपये सुटतात. त्यातून चवथ पुरी होणार नाही, पण उधारीची वही उघडावी लागत नाही.

पिग्मीबद्दल थोडे अधिक

गोव्यात, विशेषतः बाजारपेठेत बसणाऱ्या माणसाला, रोज दारात येऊन पैसे नेणारा पिग्मी एजंट हा सर्वांत सोयीचा वाटतो, आणि सोय खरोखरच आहे. ही पद्धत आपल्या शेजारच्या उडुपीत सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली, तेव्हा रोजचे दोन आणेही घेतले जात. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. भाजी, फुले किंवा मासळी विकणाऱ्या बाईला बँकेत जायला वेळ नसतो, पण संध्याकाळी उठताना वीस-तीस रुपये देणे तिला जमते. तिच्यासाठी पिग्मीला आजही पर्याय नाही, असे माझे मत आहे.

मात्र पिग्मी घेणारी संस्था बँक आहे की पतसंस्था, हे आधी विचारावे. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. हा फरक कागदावरचा नव्हे हे गोव्याने पाहिले आहे. २०२० मध्ये म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, आणि तेव्हा लहान ठेवीदारांना आधार होता तो याच विम्याचा.

एजंटकडून दररोज यंत्रातून निघालेली पावती किंवा मोबाइलवर संदेश घ्यावा. ‘वहीत लिहून ठेवतो’ हे उत्तर पुरेसे मानू नये. महिन्यातून एकदा स्वतः शाखेत जाऊन खात्यातली शिल्लक आपल्या पावत्यांशी ताडून पाहावी. मुदतीआधी पैसे काढल्यास व्याज किती कापले जाते, हेही पहिल्याच दिवशी विचारावे, कारण पिग्मीचा दर आवर्ती ठेवीपेक्षा सहसा कमी असतो आणि लवकर मोडल्यास तो आणखी घटतो.

पाच वर्षांपलीकडच्या पैशांसाठी

ज्या पैशांना निदान सात-आठ वर्षे हात लावायचा नाही, तेच पैसे म्युच्युअल फंडाकडे न्यावेत. अनेक फंडांत शंभर रुपयांपासून एसआयपी, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम गुंतवण्याची सोय, करता येते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एसबीआय म्युच्युअल फंडाने २५० रुपयांची ‘जननिवेश’ एसआयपी आणली. पॅन, आधार आणि बँक खाते यांवर केवायसी (ओळखीची पडताळणी) होते. नवख्याने निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड, म्हणजे त्या निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड, घ्यावा आणि शक्य असल्यास ‘डायरेक्ट’ प्रकार निवडावा, कारण त्यात वितरकाचे कमिशन नसते. ज्याला फॉर्म भरायला आणि घसरणीच्या काळात धीर द्यायला कोणीतरी लागते, त्याने ‘रेग्युलर’ घेतल्यास त्यालाही मी नावे ठेवणार नाही.

दरमहा ५०० रुपये पंधरा वर्षे भरले तर भरणा ९०,००० होतो. सरासरी दहा टक्के परतावा मिळाला असे गृहीत धरल्यास त्याचे सुमारे दोन लाख नऊ हजार होतात. पण दहा टक्के हे केवळ गृहीतक आहे, वचन नाही. मधल्या एखाद्या वर्षी भरलेल्या रकमेपेक्षाही कमी आकडा दिसू शकतो, आणि तो दिसला की चवथीचे पैसे तिथे नव्हते याचे समाधान वाटते.

घरात विशीतले कोणी असेल आणि ते आयकर भरत नसेल, तर अटल पेन्शन योजनाही पाहावी. १८ व्या वर्षी सुरू केल्यास महिन्याला २१० रुपये, म्हणजे रोजचे सात रुपये भरून साठीनंतर दरमहा ५,००० रुपये पेन्शन मिळते. तिसाव्या वर्षी सुरू केल्यास त्याच पेन्शनसाठी ५७७ रुपये लागतात. चाळिशीनंतर प्रवेश नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर वर्षाला किमान २५० रुपये भरून सुकन्या समृद्धी खाते चालू ठेवता येते.

मुलांची बरणी आणि वारसाचे नाव

दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवण्याची मुभा बँका आपल्या धोरणानुसार देऊ शकतात, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सुधारित निर्देशांत सांगितले. मातीचा गल्ला फुटला की मुलाने स्वतः मोजावे, स्वतः पावती भरावी आणि स्वतः काउंटरवर द्यावी. आमच्या धाकट्याने भरणा पावतीवर नाण्यांच्या रकान्यात ‘३७ वेळा ५’ असे लिहिले होते. रोखपालाने ते खोडले नाही, खाली १८५ लिहून शिक्का मारला. ती पावती अजून त्याच्या कंपासपेटीत आहे.

खाते कोणतेही असो, बचत, आवर्ती, पिग्मी किंवा फंड, वारसाचे (नॉमिनीचे) नाव पहिल्याच दिवशी नोंदवावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींवर चार जणांपर्यंत वारस नोंदवता येतात आणि प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो. आमच्या बरणीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर कोणत्या महिन्याचे किती रुपये कुठे गेले, कोणत्या खात्यावर कोणाचे नाव आहे आणि पासबुके कोणत्या खणात आहेत, एवढे शाईच्या पेनाने लिहिलेले आहे. पहिल्या पावसाळ्यात ती शाई पसरली, म्हणून आता बॉलपेन वापरतो.